भिंतीवरचा सुतकी

॥ येशूची स्तुती असो ॥

सोगोक,
दि. १३ फेब्रुवारी १९६७

ती. ग्वी-रानताईस,
धाकट्या माल-सुकचा सा. न. वि. वि.

तुझं गाठोडं शनिवारी पोचलं. आत निघालं ते असं: लाल बोरं एक पिशवी, बारीक सुकट दोन पुडे, माझ्या हे-सुनच्या लग्नाच्या पोशाखाचं गुलाबी रेशीम, आणि चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली मेणबत्ती. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनने सत्तर वॉन वर घेतले. ते मी मांडून ठेवले आहेत, पण तुझ्याकडून घेणार नाही. सुकटाच्या एका पुड्याचा कोपरा मात्र फाटलेला होता. पोस्टातल्या मांजराने फाडला असं पोस्टमन म्हणाला. मांजर दोरीची गाठ परत बांधून ठेवतं हे मला नवीनच.

रेशीम फार सुरेख आहे. दिव्याजवळ नेऊन पाहिलं आणि घडी तशीच घालून पेटीत ठेवलं. कापायला घेतलं नाही. का, तेच सांगायला बसले आहे.

पानगळीच्या दिवसांत आमच्या चौकात बान सरदारांचा पुतळा बसला, तेव्हा भावोजींच्या दुखण्यामुळे तुला येता आलं नाही. वर सरदार तलवार टेकून उभे आहेत. त्यांच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पुतळ्यामागे एक बुटकी दगडी भिंत आहे आणि तिच्यावर एका ओळीत चार ब्राँझचे तुकडे बसवले आहेत. जपानी फौज आली तेव्हाची किल्ल्याची लढाई त्यांत कोरली आहे. सरदार ह्यांच्याच कुळातले, म्हणून गवंड्यांवर देखरेख करायचं काम समितीने ह्यांच्याकडे दिलं होतं. दोन महिने घरात जेवणापेक्षा सिमेंटचीच चर्चा जास्त.

भिंतीवर अगदी डाव्या टोकाला एक सुतकी आहे. अंगात तागाचे दुखवट्याचे कपडे, डोक्यावर टोपलीएवढी टोपी, तोंडापुढे धरलेला कापडाचा पडदा. चेहरा म्हणून दिसतच नाही. पाठीशी एक गोल उंचवटा, किल्ल्याची टेकडी. सगळ्यांकडे पाठ करून तो भिंतीबाहेर निघाला आहे. त्याच्या मागच्या तुकड्यात विळे-कोयते घेतलेले शेतकरी त्याच दिशेला धावताहेत. तिसऱ्यात तटावरची लढाई. चौथ्यात शत्रू मागच्या पायवाटेने वर चढतो आहे.

किल्ला पडला तो कोणीतरी ती पायवाट दाखवली म्हणून, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. कोणी दाखवली ते कोणालाच ठाऊक नाही. अनावरणाच्या दिवशी हेडमास्तरांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि छडीने दाखवून सांगितलं की हाच तो फितूर, सोंग घेऊन पळतो आहे, आणि मागून गावकरी त्याला धरायला धावताहेत. ह्यांनी त्यात भर घातली. छळाच्या काळात आपले परदेशी फादर असल्याच टोपीखाली लपून हिंडत होते, तेव्हा टोपीखाली कोण असेल त्याचा नेम नाही, असं चार लोकांत म्हणाले. फादरांचं उदाहरण कुठे द्यावं याला काही धरबंध?

पुढे कोणीतरी शोधून काढलं की त्या वर्षी प्यो घराण्याचा मूळपुरुष तीन वर्षांच्या सुतकात होता. झालं. आता येणारा-जाणारा त्या सुतक्यावर थुंकतो, पोरं चिखल मारतात. आणि हे म्हणतात की बान सरदारांच्या घरातली पोर प्योंच्या घरात द्यायची नाही. बोलणी झाली, प्योंचा दोंग-गिल ईस्टरला बाप्तिस्मा घेणार, त्यानंतरच्या शनिवारी लग्न, सगळं ठरलं होतं ताई! पोरगी नुसती भांडी घासते, घासलेलीच परत घासते.

मला समितीच्या अध्यक्षांचा संशय येतो. भाताची गिरणी त्यांची, आणि त्यांची एक भाची लग्नाची आहे. दोंग-गिलसाठी त्यांनी पूर्वी शब्द टाकून पाहिला होता. मूर्तिकाराला काही देऊन हा सुतकी भिंतीवर आणवला असेल का? मूर्तिकार योम तुमच्या तेगूलाच राहतो, मोठ्या बाजारामागे. तू जाऊन गोडीगुलाबीने विचार की तो सुतकी कोण म्हणून काढला. ह्यांना काही कळू देऊ नकोस.

भावोजींच्या छातीला मोहरीचा लेप लावत जा. उपवासाचे दिवस आहेत, पण त्यांना अंडं द्यायला हरकत नाही, फादरांना विचारून घे.

तुझी माया पूर्वीपासून आहे, ती या अडचणीत थोडी जास्त लागेल.
माल-सुक


तेगू,
दि. २० फेब्रुवारी १९६७

चि. सौ. माल-सुक हिस,
ग्वी-रानचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सत्तर वॉन घेणार नाहीस असं लिहितेस आणि आकडाही लिहितेस. तू लहानपणापासून अशीच. तुझे भावोजी हसून हसून खोकले, आणि खोकले म्हणून मी तुझ्यावरच चिडले.

गुरुवारी बाजारामागे गेले. योमचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण अंगणात एक बिनडोक्याचा घोडा उभा आहे. दार बायकोने उघडलं. नवरा आजारी आहे, झोपला आहे, म्हणाली. पण आतून हातोडीचा आवाज येत होता आणि तिच्या मनगटापर्यंत ओली माती होती. आजारी माणूस झोपेत हातोडी मारतो का? मी कुठून आले ते तिने विचारलं. सोगोकला माझी बहीण असते, एवढं तोंडातून गेलं मात्र, हातोडी थांबली. बाईने मान लववली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण लावलं.

मला हे मुळीच बरं दिसत नाही. सोगोकचं नाव ऐकून ज्याची हातोडी थांबते त्याच्या मनात काहीतरी आहे. पैसे घेतले असतील तर गिरणीवाल्याचेच कशावरून, हाही विचार कर. देखरेख कोणाकडे होती? रागावू नकोस, मी नुसतं विचारते. हे लग्न बान भावोजींच्या मनात पहिल्यापासून कितपत होतं? साखरपुड्याला मी आले होते, तेव्हा त्यांनी दोंग-गिलच्या प्यो आजोबांना दारूचा पेला एका हाताने दिला. मोठ्या माणसाला एका हाताने! मी तेव्हा गप्प बसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते. या वेळी भोपळ्याची चिक्की नेते. चिक्की बघून दार लावणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

रेशीम पेटीतच असू दे, पण डांबराच्या गोळ्या लाव. हे-सुनला माझे पापे. तिला सांग, भांड्यांची कल्हई उडेल.

आहे तशीच माझी राहा.
ग्वी-रान


सोगोक,
दि. २७ फेब्रुवारी १९६७

सौ. ग्वी-रानताई यांस,
सा. न. वि. वि.

आपली प्रकृती व भावोजींचा खोकला ठीक असेल अशी आशा करतो. आमच्या घरून आपल्याला काही पत्र आलं असावं आणि आपण मूर्तिकार योम यांच्याकडे जाऊन आला असाव्यात, असा माझा तर्क आहे. पोस्टातला मनुष्य माझ्या ओळखीचा आहे. अधिक लिहीत नाही.

योम हे भांडखोर गृहस्थ आहेत. वर्तमानपत्रात पुतळ्याचा फोटो आल्यानंतर त्यांनी समितीला पत्र धाडलं की आपलं काम नासवलं. बसवण्यात चूक झाली, काढून पुन्हा बसवा, असा त्यांचा आग्रह होता. वास्तविक तुकड्यांच्या पाठीवर त्यांनीच खडूने एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले होते, आणि मी स्वतः उभा राहून त्याच क्रमाने ते बसवून घेतले. रेसभर फरक नाही. कलावंत लोकांना ठरल्यापेक्षा जास्त मिळवायचं असलं की काम नासतं. समितीने उत्तर दिलं नाही, आणि ते योग्यच केलं.

लग्नासंबंधी माझं मन कठोर आहे असं आपल्याला वाटत असेल. दरवर्षी सरदारांच्या स्मृतिदिनी साऱ्या गावासमोर उभं राहून मी त्यांची गाथा वाचतो. वडिलांच्या थडग्याजवळची झोपडी सोडून ते उठले, आणि किल्ल्यात मेले. ज्या घराण्याने त्यांना मारवलं त्या घराण्याला मुलगी देऊन मी पुढच्या वर्षी ती गाथा कोणत्या तोंडाने वाचू? हे आपणच मला सांगावं.

यात आपण पडू नये, ही विनंती. आपल्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही, होणारही नाही.
आपला,
बान


॥ येशूची स्तुती असो ॥

सोगोक,
दि. ३ मार्च १९६७

ती. ताईस सा. न. वि. वि.

ह्यांनी तुला पत्र लिहिलं आहे, हो की नाही? मला कोणी सांगितलं नाही. डबीतलं एक तिकीट कमी झालं. घरात तिकीट लावणारे आम्ही दोघंच, आणि मी लावलं नव्हतं. काय लिहिलं ते मला कळव, किंवा नको कळवू, नवऱ्याचं पत्र आहे. नाही, कळवच.

तू ह्यांच्याबद्दल जे विचारलंस त्याने मला दोन रात्री झोप नाही. मग मी मनाशी म्हटलं, ताई उगीच नाही विचारत. ह्यांचे डगल्याचे खिसे तपासले. काय सापडलं? गवंड्याची एक पेन्सिल आणि बडीशेप. एका हाताने पेला दिला तो त्यांचा दुसरा खांदा तेव्हा धरला होता म्हणून. लेप मीच लावला होता. तुला सांगायचं राहिलं. तेव्हा तो संशय तू काढून टाक, मीही काढला आहे. बराचसा.

पण दुसरं ऐक. आपली हे-सुन गेला आठवडा पहाटेच्या मिसाला माझ्या आधीच घराबाहेर पडायची. चर्चमध्ये मात्र माझ्यानंतर यायची, आणि हात बर्फासारखे गार. माझ्या मनात काय आलं असेल ते तुला सांगायला नको. दोंग-गिलला चोरून भेटते, लग्न मोडायला टेकलं आहे आणि ही पोर तोंड काळं करणार, असं मला वाटलं. मंगळवारी मी तिच्या मागोमाग निघाले. डोक्यावर शाल, हातात जपमाळ, आणि मनात जपमाळेतलं काही नाही.

ती चौकात गेली. ताई, तिथे दोंग-गिल नव्हताच. प्यो आजोबा होते. पंच्याहत्तरी उलटलेला म्हातारा, पांढऱ्या अंगरख्याच्या बाह्या वर करून त्या सुतक्याला ओल्या फडक्याने पुसत होता. कालची थुंकी, कालचा चिखल. टोपीच्या कडा, पडद्याच्या घड्या, पायांतली गवती पायताणं, सगळं. आणि आपली पोर बादली धरून उभी होती. पाणी तिने आमच्याच विहिरीचं नेलं होतं, कोमट करून. सकाळी चुलीतला कोळसा लवकर का विझतो ते मला तेव्हा समजलं.

मी पुढे झाले. आजोबा दचकले नाहीत. मी विचारलं की तुम्हीच असं पुसत बसलात तर तुम्ही कबूलच केलंत असं गाव म्हणेल, हे तुमच्या ध्यानात येतं का. ते म्हणाले की येतं. वाट दाखवली की नाही हे आपल्याला माहीत नाही, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं कोणाला माहीत असणार. पण दाखवली असली तरी तो आपलाच पूर्वज, आणि पूर्वजाला तोंडावर थुंकी घेऊन रात्रभर उभा ठेवून आपल्याला घरात जेवण जात नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले की लग्न मोडायचं तर खुशाल मोडा, सूनबाई नाही झाली तरी पोरीचं पाणी कोमट असतं हे आपण विसरणार नाही. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बादली उचलली आणि पोरीला चर्चला पिटाळलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, झालं, म्हाताऱ्याने आपल्या हाताने कबुली दिली. आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. अगदी त्या सुतक्यासारखं.

गिरणीवाले अध्यक्ष काल भाचीला घेऊन प्योंच्या घरावरून दोनदा गेले. कोणाला दाखवायला?

तू गेलीस का योमकडे? मला धीर धरवत नाही. तुझ्यावाचून मी कोणाकडे बघू?
माल-सुक


तेगू,
दि. ११ मार्च १९६७

चि. सौ. माल-सुक हिस अनेक आशीर्वाद.

खाली बसून वाच. शेगडीवर काही असेल तर आधी उतरव.

चिक्कीनेच काम झालं. बाईने दार उघडलं, चिक्की घेतली, आणि या वेळी मी पायच उंबऱ्यावर ठेवला. आतून योम स्वतः आला. हडकुळा, चष्म्याच्या काचेवर माती, खोकला आपल्या ह्यांच्यापेक्षा वाईट. आल्या आल्या तडकला. सोगोकची माणसं आपल्याकडे आता कशाला येतात, कामाची माती करून झाली, पत्राला उत्तर द्यायची रीत नाही, आणखी काय उरलं आहे, असं बोलत सुटला. मी बोलू दिलं. तू मला ओळखतेस, माझ्याकडून हे फार झालं. थकला तेव्हा मी एकच विचारलं की तो सुतकी कोण.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी विचारलं, सूर्य कुठला. मग हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेला. भिंतीला ते चारही तुकडे प्लास्टरमध्ये टेकून ठेवलेले. पण आधी मला वाटलं, चुकीचे ठेवले आहेत. सुतकी उजव्या टोकाला होता! म्हटलं, आमच्या गावात हा डावीकडे आहे. त्यावर तो म्हणाला की तेच तर.

माल-सुक, आईचा तो घडीचा पडदा आठवतो? चार फळ्यांचा, ऋतूंचा, आता माझ्याकडे आहे तो. आई आपल्याला मांडीवर घेऊन तो कुठून दाखवायला सुरुवात करायची? उजवीकडून. वसंत उजवीकडे, हिवाळा डावीकडे. आपली पुस्तकंही उजवीकडून उघडायची. योमने सगळं तसंच केलं. त्याचा क्रमांक एक उजव्या टोकाला, चार डाव्या टोकाला. आणि आपले भावोजी! हल्ली शाळेची पुस्तकं डावीकडून, सरकारी फलक डावीकडून, म्हणून त्यांनी एक नंबर डावीकडे लावला. चार माणसांना विचारून, उन्हात उभं राहून, मोजमाप घेऊन, रेसभर फरक न करता उलटं.

मी त्याच्याकडे उजव्या टोकाला उभी राहून पाहिलं. उजवीकडे सुतकी. तोंड डावीकडे. त्याच्यामागे तो जो गोल उंचवटा आहे, ज्याला तुम्ही किल्ल्याची टेकडी समजलात, ते थडगं आहे. तो थडग्यापासून उठून लढाईकडे निघाला आहे. पुढे शेतकरी, त्यांची तोंडंही डावीकडे. ते त्याचा पाठलाग करत नाहीत, ते त्याच्या हाकेला निघालेत, त्याच्याच पुढे. मग तट. मग डाव्या टोकाला शत्रू, आणि त्याचं तोंड उजवीकडे, आपल्या लोकांकडे. तुमच्या भिंतीवर म्हणे इकडची फौज इकडे निघून जाते आणि तिकडची तिकडे. योम म्हणाला की फोटो बघून आपण दोन दिवस जेवलो नाही, मधे लढतंय कोण?

आता सुतकी कोण ते तू ओळखलं असशील. वडिलांच्या थडग्याजवळची झोपडी सोडून कोण उठलं? भावोजी दरवर्षी मोठ्याने वाचतात ना! बान सरदार, माल-सुक. चिलखत घालायच्या आधीचे. थडग्याजवळ झोपडीत राहून पाळायचं बापाचं सुतक संपायच्या आधी उठून आले, आकाशाला तोंड दाखवायची लाज म्हणून पडदा धरून आले, हाच तर त्यांचा मोठेपणा असं योम म्हणतो. तलवार धरलेले सरदार सगळीकडेच असतात, म्हणून हे आपण मुद्दाम पहिल्या तुकड्यात घातलं.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. म्हटलं, आता अंगावर आलं म्हणून गोष्ट रचत असशील. तो चिडला आणि म्हणाला की मग काठ बघा. कपड्याचा काठ! आपल्या हातांनी किती शिवले आहेत ते आठव. बापाच्या सुतकात काठ दुमडत नाहीत, दशा तशाच सोडतात. आईच्या सुतकात दुमडून शिवतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी चुकून एक बाही दुमडली तर सासूबाईंनी सगळ्यांसमोर उसवायला लावली होती. प्लास्टरमध्ये दशा स्पष्ट आहेत. पण प्लास्टर त्याच्या घरातलं, तो काल रात्रीही कोरू शकतो. तुमचं ब्राँझ गेल्या वर्षीचं. तू जा आणि बोट फिरवून बघ. आणि प्यो आजोबांना विचार, त्यांचा तो पूर्वज कोणाच्या सुतकात होता. योम खोटं बोलेल, भावोजी हटून बसतील, काठाला तसलं काही जमत नाही.

भावोजींचं पत्र आलं होतं. त्यात वाईट काही नाही. शेवटी त्यांनी मला एक प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर म्हणून हेच पत्र त्यांना वाचून दाखव. मऊ आवाजात वाच.

तुझी काळजी वाहणारी,
ग्वी-रान


॥ येशूची स्तुती असो, तो उठला आहे ॥

सोगोक,
दि. २९ मार्च १९६७

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पवित्र आठवडा आणि सरदारांचा स्मृतिदिन एकापाठोपाठ एक आले. आणि तोवर लिहिण्यासारखं अर्धंच घडलं होतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या पहाटे मी चौकात गेले. आजोबा होते, हे-सुन होती. मी काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि अंगरख्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. ताई, दशा! एकेक धागा सुटा काढलेला, नखाला लागतो. कुठे दुमड नाही. मग आजोबांना विचारलं. वंशावळीत लिहिलं आहे की तो आईच्या सुतकात होता, असं म्हणाले, आणि का विचारता म्हणाले. मी म्हटलं, उगीच. आणि शाल सावरून घराकडे निघाले.

रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना पत्र वाचून दाखवलं. मऊ आवाजात. आईच्या पडद्यापर्यंत आले तोवर हे मान हलवत होते की बायकांच्या गोष्टी. थडग्याच्या उंचवट्याशी मान थांबली. रेसभर फरक न करता उलटं, हे मी गाळणार होते, पण डोळ्यांपुढे आलं आणि वाचलं गेलं. पत्र संपलं तसे टोपी घालून बाहेर गेले. परत आले तेव्हा पाटलोणीचे गुडघे मातीचे होते, कपाळही. मी कशाला विचारू? धुवायला टाकली.

तरी चार दिवस गप्पच. मला पुन्हा संशय यायला लागला की हे सगळं दाबून टाकतील. समितीत तोंड दाखवायचं, अध्यक्ष हसणार, हेडमास्तर हसणार, आणि लग्न मोडणं त्यापेक्षा सोपं. खरं सांगते, मी तुझं पत्र उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवलं होतं, चुलीत जाऊ नये म्हणून.

स्मृतिदिनाला सारं गाव जमलं. हे गाथा वाचायला उभे राहिले. नेहमीसारखा आवाज, खणखणीत. वडिलांच्या थडग्याजवळची झोपडी सोडून, इथवर आले आणि थांबले. लोकांना वाटलं, पान चिकटलं. ह्यांनी कागदाची घडी केली, भिंतीकडे वळले, आणि सांगितलं की ते हे. हे सरदार. तुकडे आपण उलटे बसवले, चूक मूर्तिकाराची नाही, प्योंची नाही, समितीचीही नाही, आपली एकट्याची. पानगळीपासून आपण सगळे सरदारांच्या तोंडावर थुंकत आलो, आणि त्यात आपणही होतो. मग म्हणाले की एवढे दिवस त्यांचं तोंड पुसलं ते एका प्यो घराण्यातल्या माणसाने, आणि तेही आपला फितूर पूर्वज समजून.

कोणी हसलं नाही ताई. हेडमास्तर छडी पाठीमागे लपवत होते. अध्यक्ष तेवढे पुटपुटले की बानांना हुंड्यात काही सूट मिळालेली दिसते. त्यांच्या गिरणीत मी आता भात कांडायला देणार नाही, दूर पडलं तरी पुलापलीकडे नेईन.

हे तिथूनच प्यो आजोबांपुढे गेले आणि जमिनीला कपाळ लावून नमस्कार केला. आजोबांनी त्यांना उठवलं. लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आहे. दोंग-गिलचा बाप्तिस्मा रविवारी झाला. नाव जोसेफ घेतलं. पाणी ओतताना फादरांच्या हातून जरा जास्तच ओतलं गेलं, पोरगा शिंकला. रेशीम मी काल कापलं. हातात कात्री धरली तेव्हा पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास अख्ख्या घरात. त्याला तू जबाबदार. तुकडे उतरवून उजवीकडून लावायचं काम पुढच्या महिन्यात, खर्च हे स्वतः करणार आहेत. मी वहीत तसं पान काढलं आहे आणि काही बोललेली नाही. योम मास्तर स्वतः येऊन उभे राहणार, असं ह्यांनी त्यांना लिहून विनवलं आहे. या वेळी तिकीट माझ्याकडून मागून घेतलं.

आता मुख्य गोष्ट.

इतकं सगळं झाल्यावर आजोबा खूश असतील असं मला वाटलं होतं. काल मिसानंतर पाहते तर ते पुन्हा चौकात, फडकं हातात. आता कोणी थुंकत नाही, पुसायचं काय? तरी पुसत होते. काठाचं मी त्यांना सांगितलं होतंच. मी जवळ गेले तर म्हणाले की सरदारांची सेवा घडली, भाग्यच. पण सवयीने इथे येतो आणि मग मनात येतं, हा आमचा नव्हे. वाईट का असेना, आपल्या घरचं कोणीतरी या भिंतीवर आहे म्हणून हात चालत होता. आता आमचा कुठे गेला? त्याने वाट दाखवली नाही हे एका काठावरून कसं ठरेल? तो भिंतीवर नाही, एवढंच ठरलं. असं म्हणून फडकं पिळलं आणि घरी गेले.

मी तिथेच राहिले. मला राहवेना. दुसऱ्या तुकड्यापाशी गेले, शेतकऱ्यांच्या. सगळे आखूड चोळणे घातलेले, विळे उगारलेले. त्या गर्दीत, मागल्या ओळीत, सरदारांच्या सगळ्यात जवळ यायला हवा अशा जागी, एकाच्या अंगात लांब अंगरखा आहे. कमरेला दोरी. एवढे महिने तो माझ्या नजरेला पडला नव्हता, कारण पुढच्याच्या कोयत्याने तो अर्धा झाकला आहे. त्याची टोपलीएवढी टोपी गळ्यामागे लोंबते आहे आणि तोंड उघडं आहे, साधं, आपल्या लोकांसारखं. हातात कुदळ. मी बोट घातलं. कोयत्याच्या खालून जेमतेम जातं.

काठ दुमडलेला आहे, ताई. दुमडून शिवलेला. टाके लागतात बोटाला.

ह्यांना सांगितलं नाही. हे-सुनलाही नाही. आजोबांना तर मुळीच नाही. उगीच आशा लावली आणि तो कोणी भलताच निघाला, किंवा योम मास्तरांनी नुसता हात चालला म्हणून टाके घातले असले, तर म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा गमवावा लागेल. माझा कशावरही पटकन विश्वास बसत नाही हे तुला माहीत आहे. पण ज्याने दशा सुट्या काढल्या तो टाके उगीच घालेल का?

तू लगेच जा. चिक्की घेऊन जा, हिशेब मी देईन, खरंच देईन. मास्तरांना विचार की दुसऱ्या तुकड्यात कुदळ घेतलेला, दुमडलेल्या काठाचा माणूस कोण म्हणून काढला. त्यांनी कुठे काही वाचलं होतं का, कोणाचं नाव. लग्नात नमस्काराला बसल्यावर सासरचे वडीलधारे सुनेच्या ओच्यात लाल बोरं टाकतील, तेव्हा पहिली मूठ आजोबांची असेल. त्या वेळी मला त्यांच्या कानात काही सांगता यावं, एवढीच इच्छा आहे.

भावोजींना नमस्कार, तुला काय द्यायचं ते भेटीत. शनिवारच्या आत मला कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र हाती पडताच निघ आणि तारेने कळव.

माल-सुक